निवण्याआधीचं माप

सकाळी लेकीची, गोटीची, पाण्याची बाटली विसळत होते. ती येऊन पायाला लोंबकळली म्हणून सवयीनं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं होतं. "आई, हिला ताप आहे," मी म्हणाले, आणि तो आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. सासूबाईंनी चष्म्यावरून एकदा नातीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तिला काही झालेलं नाही. तुझा हात बर्फ झालाय नळाखाली. गार हाताला सगळं गरमच लागणार." तरी मी थर्मामीटर लावला. काही नव्हतं. गोटीनं तो आपल्या काखेतून काढून बाहुलीच्या काखेत खुपसला आणि "हिला आहे" असं जाहीर केलं. सासूबाई खळखळून हसल्या. मी हसले नाही. ओला हात तसाच हवेत धरून उभी राहिले, कारण त्या हाताला काहीतरी आठवलं होतं, माझ्याही आधी. काल दुपारी चार वाजता हाच हात मी नदीत उतारू नेणाऱ्या लाँचच्या इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवला होता, आणि ब्लॉक कोमट होता. झोपलेल्या मुलीच्या पाठीसारखा कोमट, छान, हात काढू नये असा. आणि तशाच त्या ब्लॉकचं मी माप घेतलं होतं.

ज्यांनी उघडलेलं इंजिन कधी पाहिलेलं नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. माझ्या नवऱ्यालाही वाटतं. तो म्हणतो तुमचं दुकान म्हणजे भोकं मोजायचा कारखाना. चूक नाही त्याचं. लोखंडी ब्लॉकमध्ये नळीसारखी चार भोकं असतात, त्यांत चार पिस्टन वर्षानुवर्षं वरखाली धावतात, आणि धावून धावून भोकांची गोलाई बिघडते. मग ते इंजिन आमच्याकडे येतं. आम्ही ती भोकं कातून एक पायरी मोठी करतो, नंतर फिरत्या दगडांनी आतली भिंत घोटतो, तिच्यावर तिरप्या रेघांची बारीक जाळी उठवतो, म्हणजे तेल त्या रेघांत धरून राहतं, आणि मग त्या मापाचे नवे पिस्टन बसवतो. पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये फट ठेवायची. लाँचच्या इंजिनाला नऊ भाग. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले नऊ, जाडसर केसाएवढं. आणि घोटताना लोखंड तापतं, तापलं की फुगतं, भोक मोठं होतं. तेव्हा मोजाल तर नऊ दिसतील, आणि निवल्यावर सातच उरतील. सात भागांतही पिस्टन मोकळा वाटतो, इंजिन सुरू होतं, चाचणीच्या स्टँडवर गुणगुणतंसुद्धा. मग एक दिवस पन्नास माणसं भरलेली असतात, प्रवाह उलटा असतो, पिस्टन तापून फुगायला लागतो आणि त्याला फुगायला जागाच नसते. तो भिंतीला धरून बसतो. म्हणून आमच्या दुकानात घोटलेला ब्लॉक रात्रभर झोपू देतात. आमच्या मालकांचा, नानांचा, शब्द आहे हा, झोपू देतात. सकाळी माप, मापानंतर खडू, खडूनंतर फिटर.

गोटीचा हात धरून पाळणाघराकडे निघाले तेव्हा सव्वाआठ झाले होते. फिटर दुकानात सहाला येतो. त्याचा हात पाण्यासारखा चालतो. म्हणजे एव्हाना पिस्टन आत गेले असणार, वर हेडचं झाकण बसलं असणार. रस्त्यावर सकाळची गर्दी होती, दुकानांची शटरं वर जात होती, आणि गोटी फुटपाथच्या प्रत्येक फरशीवर एकेक पाय ठेवून चालत होती, रेघेवर पाय पडला तर परत मागे जायची. एरवी मी या वाटेवर शंभर गोष्टी बघते. गटाराचं झाकण हलतंय का, तिसऱ्या घराचा कुत्रा बांधलेला आहे का, वळणावरचा ट्रक मागे येताना आरशात बघतो का. सासूबाई म्हणतात, तुझ्या डोळ्यांना पापण्याच नाहीत. रात्री उठून मी मुलीचा श्वास मोजते हे त्यांना ठाऊक आहे, मी मोजते तेव्हा त्या कूस बदलतात, म्हणजे मला कळावं की त्याही जाग्या आहेत आणि मी वेडी आहे. मला ते पटतं. पण मुलीचं काहीच मोजता येत नाही, हीच तर गोम आहे. श्वास मोजले आणि बावीस भरले, बरं, मग? बावीस म्हणजे काय? उद्या काय? दुकानात असं नसतं. लोक आमच्या दुकानाला इंजिनांचा दवाखाना म्हणतात, मला ते आवडत नाही. दवाखान्यात आत गेल्यावर पुढे काय होईल ते सांगता येत नाही, आमच्याकडे येतं. घरात मी भित्री आहे. दुकानाचा उंबरठा ओलांडला की माझे खांदे खाली येतात, आवाज खाली येतो, मला माहीत असतं की मला माहीत आहे.

निदान कालपर्यंत तसं होतं. मी कॉलेजातून निघून या दुकानात चार महिन्यांच्या उमेदवारीला आले तेव्हा शेवटचं माप नाना स्वतः घ्यायचे. दुकान त्यांचंच. सत्तरीचे, हाताची बोटं पानांसारखी रुंद, आणि मायक्रोमीटर असा धरायचे की जणू चिमणीचं पिल्लू आहे. पिवळा खडू त्यांच्या वरच्या खिशात असायचा. दुसऱ्या कुणी माप घेतलं तर पांढऱ्या खडूनं लिहायचं. पिवळ्यानं लिहिलं की ते शेवटचं, त्यावर फिटरनं पुन्हा विचारायचं नाही, हात चालवायचे. नानांच्या डोळ्यांत पडदा यायला लागला तेव्हा सगळ्यांना वाटलं खडू फिटरकडे जाणार. त्यालाही वाटलं होतं. एका सकाळी नानांनी तो खिशातून काढून माझ्या मापांच्या वहीवर ठेवला आणि चहाला निघून गेले. फिटर आठ दिवस माझ्याशी फक्त पाना, दिवा, कापड एवढंच बोलला. नवव्या दिवशी म्हणाला, "मॅडम, ह्या भोकाला तुम्ही साडेआठ लिहिलंय, माझा हात नऊ म्हणतो." मी पुन्हा मोजलं. साडेआठ. "हाताला सांगा," मी म्हणाले, "आठवडाभर रुसल्यानं सुजलाय." तो हसला आणि तिथून आमचं जमलं. मग गोटी झाली, मी आठ महिने घरी होते, परत आले तेव्हा त्यानं विचारलं, "आता अर्धं लक्ष पाळण्यात राहणार ना मॅडम?" मी म्हणाले, "माझं उरलेलं अर्धं तुमच्या अख्ख्याला भारी पडेल." सगळं दुकान हसलं. तोही. पण मी त्या दिवसापासून एकही माप दोनदा घेतल्याशिवाय लिहिलं नाही. दोन वर्षं. त्याचं बोलणं मी हसून उडवलं आणि रोज कमरेला बांधून वागवलं.

आणि काल पाळणाघरातून फोन आला. नाना शेवटचं, चौथं भोक घोटून हात पुसत होते. ती बाई म्हणाली, रडतेय, अंगाला जरा कढत लागतंय, मी मोजलं तर नव्याण्णवच्या वर, पॉइंट चार काहीतरी, तुम्ही येताय का? मी हातातल्या कागदावर नव्याण्णव लिहिलं, पुढे टिंब देऊन चार. का लिहिलं कोण जाणे. आकडा ऐकला की माझा हात लिहितो. बाहेर लाँचवाला बसला होता, वीस दिवस त्याचे उतारू वल्ह्याच्या होडीतून ये-जा करत होते आणि तो रोज दुपारी येऊन आमच्या दारातल्या बाकावर बसायचा, काही न विचारता, जे विचारण्यापेक्षा वाईट. मी भोकात उतरवून मोजायचं गेज उचललं. चारही भोकं मोजली. नऊ, नऊ, नऊ, नऊ. इतकं सारखं, की बरं वाटलं. पिवळ्यानं लिहिलं आणि धावत सुटले. पाळणाघरात पोहोचले तर गोटी घसरगुंडीवर होती, लालबुंद, घामानं डबडबलेली. "पळापळीनं तापली असेल," बाई म्हणाली. "आता बघा, गार झाली."

आता पुन्हा तिला त्याच दारात सोडलं. ती मागे न बघता आत गेली. रडली असती तर बरं वाटलं असतं. रस्त्यावर आले आणि हिशेब मांडला. पहिलं भोक सकाळीच घोटून झालं होतं, त्याला निवायला थोडा वेळ मिळाला होता. चौथं तर हातातलं. ब्लॉकला मी बोट नाही, अख्खा तळवा टेकवला होता, म्हणजे चटका नव्हता. खोलीपेक्षा पंधरा-वीस अंश वर धरू. त्या व्यासाच्या ओतीव लोखंडाला पंधरा अंशांना दीड भाग, वीसला दोन. चालता चालता मी हे गणित केलं तेव्हा माझी चाल जराही मंदावली नव्हती, हे मी नोंदवून ठेवते. आकडा चांगला नव्हता, पण आकडा होता. चौथ्यात सात, फार तर साडेसात. मला कळत होतं काय झालंय, किती झालंय आणि कुठे. चाल मंदावली ती पुढच्या विचारानं. कुणाला कळणार होतं? स्टँडवर इंजिन गाणार. महिन्यानं, दोन महिन्यांनी आवळलं, तर लाँचवाल्यानं तेल हलकं घातलं असेल, पाण्याची वाट तुंबली असेल, नव्या इंजिनावर पहिल्याच आठवड्यात जोर दिला असेल. आवळलेल्या पिस्टनच्या अंगावर नुसते ओरखडे असतात, कुणी कधी मोजलं ते त्यावर लिहिलेलं नसतं. मी हा विचार केला. नाही केला असं लिहिणार नाही. वळणापासून औषधांच्या दुकानापर्यंत, साधारण चाळीस पावलं, मी तो नीट, शेवटपर्यंत केला. मग ती नदी आठवली, धक्क्यापासून जरा खाली बंधारा आहे तो, आणि इंजिन बंद पडलेली लाँच कुठे जाते ते सांगायला कुठलंही गणित लागत नाही. चाळीस पावलांनंतर दुसरा विचार आला, हा जरा सभ्य कपड्यांतला होता: सांगायचं, पण गेजवर ढकलायचं. गेजची शंका येतेय, पुन्हा मोजू या. गेज बिचारं काय बोलणार? इंजिन उघडेल, भोक दुरुस्त होईल, कुणी बुडणार नाही, आणि पिवळा खडू माझ्या खिशात राहील. याच्यात खोट काही मला दुकानाचं दार येईपर्यंत सापडली नाही.

आत गेले तर फिटर हेडचे बोल्ट शेवटच्या फेरीनं आवळत होता, लांब दांड्याचा पाना छातीशी ओढून, प्रत्येक बोल्टला टक् असा आवाज येईपर्यंत. नाना स्टूलावर बसून कपानं नुसते तळहात शेकत होते. दारातल्या बाकावर लाँचवाला, आज स्वच्छ सदऱ्यात. रस्त्याकडेला त्याचा टेम्पो उभा. "या मॅडम," फिटर म्हणाला, "तुमच्या लाडक्याला टोपी घातली. दहाला स्टँडवर, अकराला सासरी." टक्. "थांबा," मी म्हणाले. "आवळू नका." "का, बोल्टला दुखतंय?" मी पिशवी खाली ठेवली. तोंडात गेज हा शब्द तयार होता, जिभेच्या अगदी टोकाशी. मी नानांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझा आवाज आला त्या बाजूला, कारण आता त्यांना दारातल्या उजेडात नुसता आकारच दिसतो. ते बघणं इतकं निवांत होतं की माझ्याच्यानं गेजचं नाव घेणं झालं नाही. "हेड काढावं लागेल," मी म्हणाले. "काल मी ब्लॉक गरम असताना मोजला."

फिटरनं पाना सावकाश बोल्टावरून काढला. "गरम म्हणजे?" "गरम म्हणजे गरम. घोटून झाल्याझाल्या. झोपू न देता." "पण पिवळा आहे." "हो, मीच लिहिलाय." "मॅडम, मी सहाला आलोय. दोन रिंगा घालताना बोट फाटलंय माझं, हे बघा." त्यानं बोट दाखवलं, खरंच फाटलं होतं. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, ज्याची मी दोन वर्षं वाट बघत होते तेच. "पाळणाघर?" त्यानं विचारलं. हळू विचारलं, टोमणा नव्हता त्यात, त्यामुळे जास्त लागलं. "हो," मी म्हणाले. "फोन आला, मला घाई झाली. अर्धं लक्ष होतं." हे शब्द बाहेर पडले आणि मला आश्चर्य वाटलं, की खाली जमीन तशीच होती. इतके दिवस ज्याच्यावर झाकण धरून बसले होते त्या भांड्यात एवढंच होतं तर.

नाना म्हणाले, "उघड."

"नाना, एकदा स्टँडवर तरी —" फिटर म्हणाला.

"उघड म्हणालो ना. आणि मला एक सांग पोरी," ते माझ्याकडे वळले, "तू काल मोजण्याआधी कागदावर काय लिहीत होतीस?" मला पटकन कळेना. "मी उभा होतो तिथेच," ते म्हणाले. "ब्लॉक कढत आहे हे मला ठाऊक नव्हतं काय? मीच घोटलेला. तू गेज घेतलंस तेव्हा तोंड उघडणार होतो. पण त्याआधी कागदावर तुझ्या लिहिण्याची खरखर ऐकू आली. मला वाटलं, शिकलेली आहे, उष्णतेची वजाबाकी करून घेतली असेल. पुस्तकात असतं म्हणतात तसलं काही." माझ्या पिशवीत तो कागद अजून होता. मी काढून त्यांच्या हातात दिला, त्यांनी डोळ्यांशी नेला, लांब धरला, मग फिटरकडे दिला. फिटरनं वाचलं. "नव्याण्णव पॉइंट चार," तो म्हणाला. "ही कुठली वजाबाकी?" "तो गोटीचा ताप," मी म्हणाले. नाना हसायला लागले, आवाज न करता, पोट हलवत, डोळे पुसत, आणि त्यांच्या हसण्यात इतका स्वतःचाच राग होता की मला त्यांचा हात धरावासा वाटला. "वा," ते म्हणाले, "म्हणजे पोरीच्या तापावर मी लाँच सोडत होतो."

फिटरनं मान खाली घालून बोल्ट सोडवायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या बोल्टाशी तो म्हणाला, कुणाला उद्देशून नव्हे, ब्लॉकलाच सांगितल्यासारखं, "चौथा जरा हट्ट करत होता." "कोण चौथा?" "पिस्टन. बाकीचे तीन बोटाच्या दाबानं गेले. चौथ्याला तळव्यानं ढकलावं लागलं. म्हटलं, लाडात आलाय. पिवळा होता ना, मग विचारणार कसा?" म्हणजे नानांना ठाऊक होतं, फिटरच्या तळव्याला कळलं होतं, आणि माझ्या हाताला तर सगळ्यांआधी. तीन शहाणी माणसं एका कोमट लोखंडाभोवती उभी राहून एकमेकांच्या शहाणपणाला मान देत होती. मला राग यायला हवा होता; उलट मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं. कामाला लागले. हेड उतरलं, खालचं तेलाचं भांडं काढलं, एकेक पिस्टन खालून लाकडी दांड्यानं ढकलून वर घेतला आणि क्रमानं फडक्यावर मांडला. भोकं पुसली. ब्लॉक रात्रभर झोपलेला होता, खरा गार, हात लावला की हाडापर्यंत गार. मायक्रोमीटरवर गेज शून्याला लावलं, काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरला नाही, उलट सोडला. नानांनीच शिकवलं होतं, श्वास धरणारा माणूस हातही धरतो. वर, मध्ये, खाली. मग गेज एक चतुर्थांश फिरवून पुन्हा वर, मध्ये, खाली. एका भोकाची सहा मापं. गेज जरासं झुलवायचं आणि काटा जिथून परत फिरतो ते माप. मी मोठ्यानं सांगत गेले, फिटर लिहीत गेला. पहिलं साडेआठ. दुसरं आठ. तिसरं साडेसात. चौथं सात. रस्त्यात केलेलं गणित चौथ्या भोकात तंतोतंत भेटलं, आणि हे सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. चूक होती ती माझीच, पण तिचं माप बरोबर निघालं होतं.

"घोटायचं कोण?" फिटरनं विचारलं. नानांनी हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. "माझ्या हाताला आज भरवसा नाही. हसून हसून हललाय." हे खोटं होतं, त्यांचा हात मशीनच्या पायासारखा आहे. मी घोटलं आहे पूर्वी, पण लाँचचं नव्हे, आणि चारही एकामागून एक नव्हे. दगड आत उतरवले, तेलाची धार सोडली, मोटर लावली आणि दांडा वरखाली न्यायला लागले. सगळं कसब वेगात असतं. फार सावकाश नेलं तर रेघा आडव्या पडतात, घाईनं नेलं तर उभ्या. त्या एकमेकींना तिरक्या छेदल्या पाहिजेत, आणि दांडा दोन्ही टोकांना नेमका तेवढाच बाहेर यायला हवा, जास्त आला तर भोकाचं तोंड पसरतं. दहा फेऱ्या, थांबायचं, ऐकायचं. आवाज सुरुवातीला खरखरीत असतो, मग तो एकसारखा होतो, मग त्यात एक मऊपणा येतो, तिथे थांबायचं. माझ्या हातांना ते कळत होतं. पुन्हा दहा. मध्ये अर्धा तास नुसतं गार तेल सोडून बसायचं, म्हणजे लोखंड डोकं तापवून घेणार नाही. खांदा दुखायला लागला तो मला आवडला. या वेळी मी सुरुवातीला एक आकडा ठरवला, की ज्याच्यापुढे आज जायचं नाही. उरलेला अर्धा भाग उद्या, निवल्यावर, हातानं.

लाँचवाला इतका वेळ बाकावर होता. आता तो आत येऊन उभा राहिला, सदऱ्याला तेल लागू नये म्हणून हात मागे बांधून. "काय झालं ते मला कुणी सांगेल का? टेम्पो परत पाठवू का उभा ठेवू?" फिटर नानांकडे बघायला लागला, नाना मोटरकडे. "परत पाठवा," मी म्हणाले. "काल मी माप चुकीचं घेतलं. चूक माझी, यांची कुणाची नाही. इंजिन तसंच दिलं असतं तर चाललं असतं, आणि एक दिवस भरल्या लाँचला मधेच धोका दिला असता." तो साधारण माझ्या वडिलांच्या वयाचा, उन्हानं रापलेला, डोळ्यांच्या कडांना पाण्याकडे बघून बघून पडलेल्या सुरकुत्या. "वीस दिवस झाले बाई," तो म्हणाला. "वल्ह्याच्या होडीत एका खेपेला आठ माणसं बसतात. शाळेची पोरं आहेत, रोज दवाखान्यात जाणारी एक म्हातारी आहे. मी त्यांना आज दुपारची वेळ दिली होती." "परवा," मी म्हणाले. "उद्या सकाळी निवल्यावर माप, मग जोडणी, संध्याकाळपर्यंत स्टँडवर. परवा सकाळी तुमच्या धक्क्यावर." "काल पण असंच छातीठोक सांगितलं होतं." "काल लिहिलं होतं. सांगितलं नव्हतं. या इकडे." मी त्याला पहिल्या भोकाशी नेलं, गेजची मूठ त्याच्या हातात दिली, त्याच्या हातावर माझा हात ठेवून ते आत उतरवलं आणि झुलवायला लावलं. "काटा जातो, जातो, आणि परत फिरतो. कुठून फिरला?" त्यानं डोळे बारीक केले. "ह्या रेघेवरून." "उद्या सकाळी साडेसातला या. चारही भोकांत तुमच्या हातानं तो पलीकडच्या, नऊ भागांच्या लाल खुणेवरून फिरला तरच पुढे जोडायचं. मी म्हणते म्हणून नव्हे."

त्याला ते आवडलं. त्यानं पुन्हा एकदा झुलवून पाहिलं, पुन्हा एकदा. मग गेज अगदी जपून माझ्याकडे परत दिलं आणि सदऱ्याच्या बाहीला लागलेलं तेल बघून तोंड वाकडं केलं. "एक विचारू? रागावू नका." "विचारा." "तुम्हाला मुलगी आहे म्हणे. सकाळपासून तिचाच विषय चाललाय इथे, म्हणून म्हटलं." तो घुटमळला. "तिला बसवाल का माझ्या लाँचमध्ये?"

फिटर हातातलं काम थांबवून बघायला लागला. मी गेज फडक्यावर ठेवलं, कारण प्रश्न चांगला होता आणि त्याला घाईचं उत्तर देणं म्हणजे पुन्हा तेच. गोटीला मी अजून पाण्याच्या टपाजवळही एकटं सोडत नाही. नदीच्या कडेनं जाताना तिला आतल्या बाजूला घेते आणि मधे मी चालते. मी डोळ्यांसमोर लाँच आणली, तिचा कठडा, कठड्याच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, खाली वाहणारं गढूळ पाणी, बंधाऱ्याचा तो सततचा आवाज. मग त्या सगळ्याच्या खाली, तळाशी, ही चार भोकं आणली, एकेक करून, निवलेली. पाण्याची भीती गेली नाही. पण इंजिनाजवळ आले तेव्हा तिथे भीती नव्हती, मी पुन्हा पुन्हा शोधली तरी.

"लाँच सुरू झाली की तुमची सकाळची पहिली फेरी किती वाजता सुटते?" मी विचारलं.

"सहा चाळीसला."

"बापरे," मी म्हणाले. "पावणेसहाला उठवावं लागेल तिला. फार किरकिर करते हो, उतारूंना आधीच सांगून ठेवा."